गृहस्थाश्रम आणि वस्त्रांचा परिग्रह

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी देहाला वस्त्राची उपमा दिली आहे. ती इतकी परिचयाची झाली आहे की, घरात कोणी निवर्तले म्हणजे समाचाराला येणारा प्रत्येक मनुष्य तिचा उच्चार करतो. परंतु उपमेचा जो साधा, रोजच्या व्यवहारातला अर्थ, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मनुष्य वस्त्र टाकतो ते जीर्ण झाल्यावर टाकतो, हा अनुभव ऐकणाऱ्याच्या गाठी असल्यावाचून ती उपमा लागूच पडत नाही. अर्जुनाला ही गोष्ट समजावून सांगण्याचे कारण नव्हते. आजच्या सुस्थितीतील घरातल्या मुलाने मात्र आपल्या आजोबांना विचारावे की, "आपल्या घरात तर एकही कपडा जीर्ण होत नाही, कोणता घट्ट होतो, कोणत्याचा रंग मनातून उतरतो, कोणता जुन्या तऱ्हेचा ठरतो, मग भगवंतांनी हे उदाहरण कोठून आणले?" या प्रश्नाला आजोबांनी काय उत्तर द्यावे?

हा प्रश्न कपाटाचा नसून धर्माचा आहे, असे म्हटल्यास काहींना अतिशयोक्ती वाटेल. तथापि गृहस्थाला अपरिग्रहाचा विचार करावयाचा तर तो घर, शेत, सोने यांपासून आरंभ करणे कठीण असते; कारण ती मुलाबाळांची ठेव असते. वस्त्र ही त्यातली अशी वस्तू आहे की, जिच्याविषयी निर्णय दर सणाला, दर लग्नसराईला, अगदी दर महिन्याच्या खर्चाची वही लिहिताना करावा लागतो. म्हणून एका घराचे उदाहरण डोळ्यांपुढे आणून हा विचार करणे सोयीचे होईल.

हे घर तंजावर शहरात, पश्चिम राजवीथीच्या आसपास आहे असे कल्पावे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आलेली मराठी कुटुंबे १८५५ साली राज्य संपल्यावरही येथेच राहिली. बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसलेकुलाचा मराठी शिलालेख जसा तेथे आहे, तशी या घरांतून मराठी भाषाही, तमिळ वळण घेऊन का होईना, टिकून आहे. आपल्या कल्पनेतील कुटुंबात कारकुनी पगारावर चालणारा गृहस्थ, त्याची पत्नी, वृद्ध आई, शाळेत जाणारा मुलगा आणि उपवर कन्या अशी पाच माणसे आहेत. आजीची लाकडी पेटी उघडली तर तिच्यात रोजची दोन सुती नऊवारी लुगडी, बाहेर जाण्याचे एक, सणावाराचे एक रेशमी आणि थंडीची एक शाल, एवढाच ऐवज निघतो. सुनेचे कपाट उघडताना मात्र आधी दाराला हात लावून धरावा लागतो, नाहीतर आतले सगळे अंगावर येते. आणि तरीही, आज नेसायला काही नाही, ही तक्रार आजीच्या तोंडून कधी निघाली नाही; ती निघते कपाटाच्या दारातून.

थोडक्या वस्त्रांत नीटनेटके राहण्याची ही रीत आता पाश्चात्त्य देशांतही आवडू लागली आहे. लंडनमध्ये सूझी फो नावाच्या दुकानमालकिणीने १९७० च्या दशकात एकमेकांशी जुळणारी मोजकी, टिकाऊ वस्त्रे ठेवण्याची कल्पना पुरस्कारिली आणि पुढे तिचा पुष्कळ प्रसार झाला. कल्पना चांगली आहे. मात्र त्यात एक गमतीचा भाग असा की, मोजके कपडे ठेवण्यासाठीही मनुष्य प्रथम बाजारात जातो आणि त्या मोजक्या संचाची खरेदी करून परत येतो. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अशा मनुष्याला मिथ्याचारी म्हटले आहे, जो कर्मेंद्रिये आवरून बसतो आणि मनाने विषयांचे चिंतन करीत राहतो. कपाटातील वस्त्रे मोजून ती तीसच्या आत आणणे ही कर्मेंद्रियांची गोष्ट झाली. तो आकडा दिवसातून दहा वेळा आठवणे, दुसऱ्याच्या कपाटाशी तो ताडून पाहणे, हा परिग्रहच होय. फरक इतकाच की वस्त्रांची जागा वस्त्रांच्या विचाराने घेतली.

तेव्हा संख्येचा प्रश्न येथे सोडून देणे बरे. त्याहून अवघड प्रश्न किमतीचा आहे, आणि पगार ठरलेला असेल तर तो टाळता येत नाही.

मुलाला शाळेसाठी सदरे हवेत. बाजारात स्वस्त सदरा मिळतो. त्याच्या तिप्पट किंमत देऊन हातमागाच्या कापडाचा शिवून घेता येतो. गृहस्थाने स्वस्त घेतला तर त्यात पाप कोणते? वाचलेल्या पैशात मुलाची पुस्तके येतात, आईचे औषध येते. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण वस्तू स्वस्त असते म्हणजे तिची उरलेली किंमत दुसऱ्या कोणीतरी दिलेली असते, हेही तितकेच खरे. तमिळनाडूतच तिरुप्पूर हे विणलेल्या कपड्यांचे मोठे केंद्र आहे. तेथील रंगकामाचे पाणी नोय्यल नदीत वर्षानुवर्षे सोडले गेले आणि खालच्या गावांतील विहिरी व शेते त्याने नासली. शेवटी मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तेथील रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. ही नोय्यल कावेरीलाच जाऊन मिळते, आणि ज्या कावेरीच्या पाण्यावर तंजावरची भातशेते उभी राहतात ती हीच. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी कापडकारखान्यांची आठमजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे तिच्याखाली चिरडून मेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरी कामगारांना कामावर यावे लागले, कारण परदेशांतील दुकानांचा माल वेळेवर आणि ठरल्या दरात पोहोचावयाचा होता. त्या दुकानांतून सदरा घेणाऱ्या एखाद्या मातेच्या मनात कोणाचा घात नव्हता. तिला आपल्या मुलासाठी काहीतरी परवडेल असे हवे होते, इतकेच.

उलट बाजूला हातमाग आहे. २०१९–२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत ३५ लाखांहून अधिक माणसे या धंद्यात मोजली गेली, आणि त्यात स्त्रिया बहुसंख्य होत्या. विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत होते. म्हणजे ज्याच्याकडून घेणे धर्म्य म्हणावे, तो विणकर घेणाऱ्या कारकुनाहूनही दरिद्री आहे. अशा वेळी कारकुनाला आपले दारिद्र्य सांगून हात मागे घेता येत नाही. आणि नुसत्या करुणेने त्याच्या खिशातील नोटाही वाढत नाहीत.

या पेचातून निघण्याची वाट आजीच्या पेटीत आहे. वस्त्राची किंमत दुकानातील चिठ्ठीवर पाहण्याऐवजी ते किती वेळा अंगावर आले यावरून काढावी. समजा, एक जाडसर हातमागाची सुती साडी १,५०० रुपयांस घेतली आणि ती दीडशे वेळा नेसली, तर एका नेसण्याला दहा रुपये पडले. पाचशे रुपयांची झगमगीत साडी दहा वेळा नेसून कपाटाच्या तळाशी गेली, तर एका नेसण्याला पन्नास पडले. पाच स्वस्त वस्त्रांऐवजी एक चांगले घेणे हे पुष्कळदा गृहस्थाच्या आवाक्यातले असते. आवाक्याबाहेर असते ते पाच चांगली घेणे. को-ऑप्टेक्ससारख्या, १९३५ पासून चालत आलेल्या विणकरांच्या सहकारी संघाच्या दुकानात सणासुदीला सूट मिळते, तीही या हिशेबात धरावी. येथे धर्म आणि काटकसर यांची तोंडे एकाच दिशेला आहेत.

हा हिशेब येथेच संपविला असता तर लेख सोपा झाला असता. पण सुती साडी आपोआप धुतली जात नाही. तिला भाताच्या पेजेची खळ द्यावी लागते, निथळून झटकून वाळत घालावी लागते, अर्धी ओलसर असताना घडी करून इस्त्री करावी लागते. कृत्रिम धाग्याची साडी धुवून दांडीवर टाकली की तासाभरात वाळते आणि तशीच नेसता येते. गेल्या अर्धशतकात मध्यम स्थितीतील घरांत तिचा एवढा शिरकाव झाला तो केवळ मोहामुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहाटे पाचाला उठून सर्वांचे डबे भरून स्वतः कामावर जाणाऱ्या स्त्रीला त्या साडीने रोज अर्धा तास दिला. मग पतीने संध्याकाळी गीतेचे प्रवचन ऐकून यावे आणि "उद्यापासून या घरात सुतीच वस्त्रे" अशी आज्ञा करावी, तर त्या व्रताची खळ कोण कालवणार? व्रत एकाने घ्यावयाचे आणि त्याचे कष्ट दुसऱ्याने उपसावयाचे, हा प्रकार आपल्या घरांतून फार जुना आहे आणि त्याला धर्माचे नाव देण्याची सवयही जुनीच आहे.

रामशास्त्री प्रभुण्यांची एक आख्यायिका महाराष्ट्रात मोठ्या आदराने सांगतात. त्यांची पत्नी पेशव्यांच्या वाड्यात गेली असता तिचा साधा वेष पाहून राणीसाहेबांनी तिला उंची वस्त्रे नेसविली, दागिने घातले आणि पालखीतून घरी पाठविले. शास्त्रीबुवांनी दारातूनच सांगितले की, ही आमची पत्नी नव्हे. आमची पत्नी असा वेष करीत नाही. ती माऊली परत गेली, वस्त्रालंकार उतरवून साध्या लुगड्यात घरी आली, तेव्हा दार उघडले. न्यायाधीशाने धन्याच्या घरचे वस्त्र स्वीकारू नये, हा शास्त्रीबुवांचा विवेक शंभर नंबरी होता. परंतु ही गोष्ट ऐकताना भर रस्त्यात, पालखीच्या भोयांसमोर उभ्या राहिलेल्या त्या स्त्रीकडेही एकदा पाहिले पाहिजे. वस्त्र तिने मागितले नव्हते. वाड्यात नाही म्हणण्याची तिची सोय नव्हती. गोष्ट सांगणारे तिचे नावही सहसा सांगत नाहीत. व्रत शास्त्रीबुवांचे होते, लाज तिला सोसावी लागली.

याच्याशेजारी तमिळ भूमीतलीच दुसरी घटना ठेवून पाहावी. १९२१ साली विदेशी कापडाच्या बहिष्काराची चळवळ ऐन भरात असताना गांधीजी मद्रासहून मदुरेकडे आगगाडीने निघाले होते. डब्यातील माणसांना त्यांनी खादीविषयी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की, खादी महाग आहे. आम्ही गरीब, आम्हांला ती परवडत नाही. या उत्तराला गांधीजींनी उपदेशाने प्रत्युत्तर दिले नाही. त्या वेळी त्यांच्या अंगावर पुरे धोतर, अंगरखा आणि टोपी होती. ज्याच्यापाशी एक लंगोटीच आहे त्याला विदेशी कापड टाकून दे असे सांगावयाचे, तर सांगणाराच्या अंगावर इतके कापड कसे शोभावे? २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेत त्यांनी पंचा नेसला. संकल्प प्रथम ऑक्टोबरअखेरपर्यंतचा होता. तो जन्माचा झाला. विशेष ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, आपल्या सहकाऱ्यांनी किंवा वाचकांनी हा वेष घ्यावा अशी आपली इच्छा नाही, हे त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले. महाग खादीचा भार गरिबावर न टाकता त्यांनी स्वतःचे कापड कमी केले.

गृहस्थाने पंचा नेसावा असा याचा अर्थ नव्हे. पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायांच्या सांध्यावर अर्जुनही भिक्षा मागून राहण्याची भाषा करीत होता आणि भगवंतांनी त्याला ती वाट मोकळी करून दिली नाही. ज्याच्या माथी कुटुंब आहे त्याने संन्याशाचे मापटे घरात आणू नये. वयात आलेल्या मुलीला मैत्रिणींच्या घोळक्यात आपल्या वेषाची लाज वाटत असेल, तर ती लाज क्षुद्र म्हणून उडवून लावणे हे वैराग्य नसून कठोरपणा आहे. मात्र आपल्या स्वतःच्या धोतरांची आणि सदऱ्यांची संख्या तिला न सांगता कमी करण्यापासून, आणि आपल्या कपड्यांना आपणच खळ देण्यापासून, कोणीही गृहस्थाला अडविलेले नाही.

जुन्या वस्त्रांचे काय करावे, याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. पूर्वी लुगडे विरले की त्याचे दुपटे होई, मग गोधडीचा थर, मग फडके, शेवटी देवापुढची वात. तंजावरकडे आजही जुन्या मऊ सुती साडीचा झोका तुळईला बांधून त्यात तान्हे मूल निजवितात. नवी साडी त्या कामाला चालत नाही, ती अंगाला टोचते. आता कपाट भरले की वस्त्रे बोहारणीला देऊन भांडे घ्यावयाचे, किंवा पिशवी भरून अनाथाश्रमात पोहोचवावयाची, अशी रीत पडली आहे. बोहारणीचा सौदा निदान प्रामाणिक असतो. दुसऱ्या प्रकाराला दान म्हणताना सतराव्या अध्यायातील दानाचे तीन भेद आठवावेत. आदराशिवाय, अवज्ञेने दिलेल्या दानाची गणना तेथे कोठे केली आहे हे वाचकांस ठाऊक आहेच. नव्या खरेदीला जागा करण्यासाठी जुने देणे ही जागेची व्यवस्था झाली. नचिकेत्याने आपल्या पित्याला जो प्रश्न विचारला, तो असल्याच दानावरून विचारला होता.

आता कन्येच्या विवाहाकडे वळले पाहिजे, कारण या घराच्या वस्त्रविचाराची खरी कसोटी तेथे आहे.

कुंभकोणमजवळ तिरुभुवनम् हे गाव आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या रेशमी साड्या विणल्या जातात. या साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंजावर जिल्ह्यातील मुलीच्या लग्नात तिरुभुवनम्‌चे रेशीम असावे, ही अपेक्षा अगदी साहजिक. पण रेशमाचा लांब अखंड धागा मिळावा म्हणून आतला जीव पतंग होऊन कोश फोडण्यापूर्वीच कोश उकळत्या पाण्यात घालतात. एका साडीला असे काही हजार कोश लागतात. कांची कामकोटी पीठाचे श्रीचंद्रशेखरेंद्र सरस्वती (१८९४–१९९४) यांनी याच कारणास्तव रेशीम वर्ज्य करावे असे वारंवार सांगितले, आणि त्यांच्या शब्दाखातर पुष्कळ स्त्रियांनी ते सोडले. त्यांचे पीठ दीर्घकाळ कुंभकोणम येथेच होते. म्हणजे जेथे रेशीम विणले जाते त्याच्या उंबरठ्यावर राहून हा उपदेश झाला.

घरात यावरून मतभेद होणे अपरिहार्य आहे. वडील म्हणतात, अहिंसा हा परमधर्म, रेशीम नको. आई म्हणते, एवढ्या एका दिवसासाठी मुलीचे मन का मोडावे. शिवाय विणकराच्या पोटाचे काय? अठराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की, धुराने जसा अग्नी, तसे प्रत्येक कर्म कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेले असते, म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये. हे वचन आईच्या बाजूने पुढे करता येईल काय? बारकाईने पाहिले तर हे वचन विणकराच्या संरक्षणाचे आहे. माग हे त्याचे सहज कर्म आहे. त्याने पिढीजात धंदा सोडून उपाशी मरावे असे गीता सांगत नाही. पण नेसणारीला ते कवच नाही, कारण रेशीम नेसणे हे कोणाचे स्वकर्म नव्हे. विणकराची ढाल आपल्या हौसेपुढे धरणे बरोबर होणार नाही.

वडिलांनीही इतक्यात समाधान मानू नये. सुती वस्त्र म्हणजे निर्दोष वस्त्र, हा समज खरा नाही. कपाशीवरील बोंडअळी मारण्यासाठी विषारी औषधे फवारतात; २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशी फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हा सूत नेसून रेशीम नेसणारीकडे वरून पाहण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांपासून सूत काढून विणलेले अहिंसक रेशीमही आता मिळते. ते बरेच महाग असते, आणि माणसाने शतकानुशतके पाळलेल्या त्या पतंगाला उडता येत नाही. त्याचे आयुष्य काही दिवसांचेच. त्याला न मारणे ही लहान गोष्ट नव्हे, परंतु खिशाला न पेलणारी गोष्ट धर्म म्हणून कोणावर लादता येणार नाही.

एक वाट अशी निघते की, आजीच्या पेटीतले सणाचे रेशमी लुगडे कन्येने लग्नात नेसावे. त्यासाठी मेलेले जीव केव्हाच मेले. नवा मरत नाही. पैसाही वाचतो, आणि त्यातून वर्षभर पुरतील अशी हातमागाची सुती वस्त्रे घेता येतात. हा तोडगा या घरापुरता उत्तम आहे, आणि मुलीला तो मनापासून आवडला तर त्याहून चांगले काही नाही. परंतु तिरुभुवनम्‌चा विणकर सूत विणत नाही, रेशीम विणतो. त्याच्या मागावरची एक साडी या निर्णयाने कमी झाली, ही गोष्ट तशीच राहते. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आणि मुलीने नाही म्हटले तर? तिचे नाही ऐकून घेण्याची तयारी ठेवूनच हा प्रस्ताव तिच्यापुढे मांडला पाहिजे. नाहीतर पुन्हा शास्त्रीबुवांचे बंद दार आणि बाहेर उभी असलेली स्त्री.

हा वाद चालू असताना देवघरातील दांडीवर आणखी एक रेशमी वस्त्र वाळत असते, त्याचा उल्लेख कोणीच करीत नाही. ते वडिलांचे सोवळ्याचे रेशमी धोतर. मुलीच्या एका दिवसाच्या रेशमाविषयी चर्चा करणारा गृहस्थ ते रोज सकाळी नेसतो, आणि ते जुने झाले की दुसरे आणतो. वास्तविक आजीला पक्के ठाऊक आहे की, पहाटे धुवून, काठीने उंच दांडीवर घालून, कोणाचाही स्पर्श होऊ न देता वाळविलेले साधे सुती धोतरही सोवळ्याला चालते. तिच्या माहेरी तेच चालत असे. फक्त ते रोज धुवावे लागते, आणि ज्याने नेसावयाचे त्यानेच ते धुवावे अशी तिच्या वडिलांची रीत होती.